संगणकशास्त्राला गणित किती लागतं? एका प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. मी तिच्या प्रकल्पाची मार्गदर्शक होते, आणि शेवटच्या वर्षासाठी ऐच्छिक विषय कोणते घ्यावेत याचा सल्लाही तिला मीच द्यायचा होता. या दोन गोष्टी पुढे एकमेकींत अशा गुंतल्या की त्या वेगळ्या सांगता येणार नाहीत.

प्रोग्रामिंगवर तिचा हात चांगलाच बसलेला. कोड नेटका, व्हेरिएबलची नावं वाचणाऱ्याला लगेच कळतील अशी, प्रत्येक फंक्शनसोबत टेस्ट लिहिलेली. गणिताशी मात्र तिचं कधी जमलं नव्हतं. डिस्क्रीट मॅथ्सचा (तर्क, संच, मोजणी यांच्या गणिताचा) पेपर पहिल्यांदा राहिला, दुसऱ्यांदा काठावर निघाला. कॅल्क्युलसला गुण बरे होते, पण ठरावीक साच्याची उदाहरणं घोटून मिळवलेले, हे ती स्वतःच सांगायची. ऐच्छिक विषयांचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा तिने सरळ विचारलं, "मॅडम, मला सॉफ्टवेअर करायचंय. मग अजून गणित कशाला घ्यायचं? इंटिग्रेशन येत नाही म्हणून माझं कुठलं ॲप अडलंय?"

या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर असतं. १८५४ सालचं जॉर्ज बूल यांचं खरं-खोटं या दोनच किमतींचं बीजगणित, ते विजेच्या सर्किटला लावून दाखवणारा १९३७ सालचा क्लॉड शॅनन यांचा प्रबंध, संच आणि तर्कशास्त्रावर उभं असलेलं एडगर कॉड यांचं १९७० सालचं रिलेशनल मॉडेल (डेटाबेसची तक्त्यांची रचना), संख्या सिद्धांतातून आलेली १९७७ सालची आरएसए ही माहिती गुप्त ठेवण्याची पद्धत. यादी खरी आहे. पण डेटाबेस वापरायला कॉड यांचा शोधनिबंध वाचावा लागत नाही, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. या यादीने विषयाबद्दल आदर वाढतो. फॉर्मवर कोणत्या चौकटीत खूण करायची ते कळत नाही.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांचंही या बाबतीत एकमत टिकलेलं नाही. एसीएम या संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९६८ सालच्या शिफारशींमध्ये कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा, न्यूमेरिकल ॲनालिसिस असा गणिताचा भरणा होता. २०१३ च्या शिफारशींमध्ये सर्वांना सक्तीचं म्हणून डिस्क्रीट गणित तेवढं उरलं, तेही वर्गातले ४१ तास. बाकीचं दिशेनुसार घ्यावं असं धोरण. २०२३ मध्ये त्याच विभागाचं नाव बदलून गणिती आणि सांख्यिकी पाया असं झालं, आणि संभाव्यता, सांख्यिकी, लिनियर अल्जेब्रा, कॅल्क्युलस हे सगळे त्यात आले. म्हणजे "किती" याचं उत्तर दहा वर्षांत एवढं हललं. विद्यार्थिनीने गोंधळावं यात नवल नव्हतं.

अडचण काय होती

तिचा प्रकल्प असा: कागदपत्रांच्या मोठ्या संग्रहातून तंतोतंत सारखी आणि जवळपास सारखी कागदपत्रं शोधायची. नमुन्यादाखल एक हजार कागदपत्रं घेऊन तिने प्रोग्राम लिहिला. दर दोन कागदपत्रांची तुलना करायची, सारखेपणा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की जोडी नोंदवायची. एका तुलनेला सुमारे एक मिलिसेकंद लागत होता, सगळं मिळून आठ-साडेआठ मिनिटं. पहिलं सादरीकरण झकास झालं.

खरा संग्रह एक लाखाचा होता. कागदपत्रं शंभरपट, तर वेळही शंभरपट, म्हणजे चौदा तास, असा तिचा हिशेब. रात्री लावून ठेवलं की सकाळी तयार. प्रोग्राम सकाळीही चालू होता, दुसऱ्या दिवशीही. लॅपटॉप जुना आहे, मोठा सर्व्हर मिळाला तर होईल, असं ती म्हणू लागली.

दुसरी तक्रार त्याहून विचित्र. तंतोतंत सारखी कागदपत्रं पटकन ओळखता यावीत म्हणून तिने प्रत्येकाचा ३२ बिटांचा हॅश, म्हणजे मजकुरावरून सूत्राने निघणारा ठरावीक लांबीचा आकडा, काढला होता. हॅश सारखा, तर कागदपत्र सारखं. एक लाखांच्या संग्रहात अशी एक जोडी निघाली जिच्यात एकही वाक्य समान नव्हतं, तरी प्रोग्रामने त्यातलं एक "नक्कल" म्हणून बाजूला काढलं होतं. तिचा निष्कर्ष: हॅशच्या लायब्ररीत बग आहे.

तिसरी गोष्ट तिला अडचण वाटलीच नव्हती. अहवालाच्या मसुद्यात तिने लिहिलं होतं की प्रणालीची अचूकता १०० टक्के आहे. कशावरून? प्रोग्रामने दाखवलेल्या जोड्यांपैकी वीस जोड्या तिने डोळ्यांनी तपासल्या आणि वीसही बरोबर निघाल्या.

या तिन्ही गोष्टी मी एकत्र मांडतेय, पण घडल्या तेव्हा त्या सुट्या आल्या आणि दर वेळी त्यांना वेगळं नाव मिळालं: यंत्र हळू, लायब्ररी सदोष, निकाल उत्तम. गणित कमी पडतंय असं कुणालाच दिसत नव्हतं, कारण कोडमध्ये कुठेही एरर येत नव्हती. गणिताची उणीव प्रोग्रामरला सहसा अशीच भेटते. प्रोग्राम चालतो, उत्तर देतो, आणि ते उत्तर चुकीचं असतं किंवा कधी येतच नाही.

पहिला निर्णय: आधी नेमकी खोट शोधणं

विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं मत होतं की तिचा सगळा पायाच कच्चा आहे, तिला पहिल्या वर्षाचं गणित पुन्हा करायला लावावं. मला ते घाईचं वाटलं. "गणित कच्चं" हे निदान नव्हे. ताप आलाय म्हणण्यासारखं ते आहे. म्हणून तिच्याच कोडवर काही प्रश्न विचारायचं ठरलं.

न कागदपत्रं असतील तर जोड्या किती? तिने न गुणिले न म्हटलं, मग स्वतःच दुरुस्त करून न(न−१)/२ असं लिहिलं. सूत्र येत होतं. पण त्यात एक लाख घालून आकडा काढण्याची तिला कधी गरज वाटली नव्हती. तो काढला: ४,९९,९९,५०,०००, म्हणजे जवळजवळ ५०० कोटी जोड्या. एक मिलिसेकंद प्रत्येकी, तर ५० लाख सेकंद. भागाकार करून तिने "अठ्ठावन्न दिवस" असं लिहिलं आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. कागदपत्रं शंभरपट झाली की जोड्या दहा हजारपट होतात, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळवले होते. ओ(न वर्ग), म्हणजे काम न च्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हे दाखवणारी खूण, हे तिच्यासाठी लूपमधल्या लूपचं नाव होतं. त्यातून वेळेचा आकडा निघतो हे ध्यानात आलं नव्हतं.

पुढचा प्रश्न तर्काचा. "प्रत्येक विनंतीला कुठला ना कुठला सर्व्हर उत्तर देतो" आणि "एक सर्व्हर असा आहे, जो प्रत्येक विनंतीला उत्तर देतो" ही दोन वाक्यं सारखीच आहेत का? ती म्हणाली, हो, जवळपास. "प्रत्येक" आणि "असा एक तरी" यांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, ही गोष्ट डिस्क्रीट मॅथ्सच्या पहिल्या प्रकरणात असते आणि चिन्हांत लिहिलेली असल्याने बहुतेकांच्या हाती लागत नाही. तिच्याही लागली नव्हती. सिद्धता वाचताना ती नेमकी इथेच अडायची.

संभाव्यतेत सुटे आकडे येत होते, "किमान एकदा" असा प्रश्न आला की गाडी थांबायची. लॉग म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं बटण. डेरिव्हेटिव्ह काढता यायचं, पण ते कशाचं मोजमाप आहे ते सांगता येत नव्हतं.

चित्र स्पष्ट झालं. उणीव विषयांच्या संख्येत नव्हती. दोन वर्षांत तिने बरंच गणित "केलं" होतं आणि त्यातलं फारच थोडं ती वापरू शकत होती.

समोरचे पर्याय

सर्वांत सोपा पर्याय गणिताला वळसा घालण्याचा. ऐच्छिक म्हणून मोबाइल आणि क्लाउडचे विषय घ्यायचे, प्रकल्पात तयार लायब्ररी वापरायची. या पर्यायाची बाजू मी मुद्दाम नीट मांडते, कारण शिक्षक ती क्वचितच मांडतात. सॉफ्टवेअरच्या अनेक कामांत वर्षानुवर्षं डेरिव्हेटिव्ह भेटत नाही. फॉर्म, स्क्रीन, जोडणी, दुरुस्ती, इतरांचा कोड वाचणं, यात कौशल्य लागतं आणि ते गणिताचं नसतं. ती हे काम उत्तम करत होती. पण लायब्ररी वापरायची तरी तिला द्यावे लागणारे आकडे, किती बिट, किती नमुने, कोणती मर्यादा, हे वापरणाऱ्यालाच भरावे लागतात. तिच्या हॅशचा घोळ लायब्ररी वापरूनच झाला होता.

दुसरं टोक सहकाऱ्यांचं: गणिताच्या विद्यार्थ्यांसोबत बसून रिअल ॲनालिसिस, ॲबस्ट्रॅक्ट अल्जेब्रा, लिनियर अल्जेब्रा असं सगळं करावं, म्हणजे पुढे कुठेही अडणार नाही. ज्याला त्या विषयांची ओढ आहे त्याच्यासाठी ही सुंदर वाट आहे. सिद्धता लिहिण्याची सवय लागते ती आयुष्यभर पुरते. पण जिला "प्रत्येक" आणि "असा एक तरी" यांचा क्रम कळत नाही, तिच्यासमोर नेमकी त्याच क्रमावर उभी असलेली लिमिटची एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या ठेवली, तर ती पुन्हा घोकंपट्टीच करणार. पुन्हा काठावर पास, आणि गणिताबद्दलचा दुरावा पक्का.

तिसरा पर्याय विद्यार्थिनीने स्वतः सुचवला: लागेल तेव्हा शिकेन. कामातून शिकलेलं टिकतं, हे खरंच आहे. यातली अडचण तिच्याच प्रकल्पाने दाखवून दिली होती. तीन ठिकाणी गणित लागत होतं आणि तिन्ही ठिकाणी तिला ते "लागतंय" हे कळलं नव्हतं. गरज ओळखता येण्याइतकं आधी यावं लागतं.

मधली वाट अशी निघाली. एक छोटा गाभा निवडायचा आणि तो प्रकल्पाच्या कोडवर घासून पक्का करायचा: तर्कवाक्यं, संच, मोजणी, इंडक्शन, घात आणि लॉग, प्राथमिक संभाव्यता. ऐच्छिक म्हणून संभाव्यता-सांख्यिकी हा एकच गणिती विषय घ्यायचा, दुसरी जागा तिच्या आवडीच्या विषयाला. लिनियर अल्जेब्रा दिशा ठरेपर्यंत बाजूला ठेवायचं.

दुसरा निर्णय: लिनियर अल्जेब्रा आत्ता की नंतर

खरा वाद या शेवटच्या मुद्द्यावर झाला. सहकारी म्हणाले, संभाव्यता मागे ठेवा पण लिनियर अल्जेब्रा आत्ताच घ्या. त्यांचा युक्तिवाद दमदार होता. ग्राफिक्समधली प्रत्येक हालचाल मॅट्रिक्सचा गुणाकार असते, १९९८ साली मांडलेला, वेबपानांचं महत्त्व ठरवणारा पेजरँक हा मुळात आयगेनव्हेक्टरचा (मॅट्रिक्सने गुणूनही दिशा न बदलणाऱ्या व्हेक्टरचा) प्रश्न आहे, आणि न्यूरल नेटवर्कमध्ये तर मॅट्रिक्सशिवाय पान हलत नाही. शिवाय हा विषय स्वतःहून उचलणं जड जातं; शिकवणारा असेल तर सोपा होतो.

माझं म्हणणं होतं की तिच्या हातातलं काम संभाव्यतेचं आहे. विषय आणि गरज एकाच वेळी समोर असण्याचा योग विद्यार्थ्याच्या वाट्याला फार थोड्या वेळा येतो, तो दवडू नये. विद्यार्थिनीचा कलही तिकडेच होता, कारण अठ्ठावन्न दिवसांचा आकडा तिच्या डोक्यातून जात नव्हता. त्या वेळी तिने मशीन लर्निंगचं नावही काढलं नव्हतं. या आधारावर निर्णय झाला. त्याची किंमत पुढे द्यावी लागली, ते पुढे येईलच.

काय केलं

सुरुवात हॅशपासून. ३२ बिट म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळ्या किमती. कागदपत्रं फक्त एक लाख. "मॅडम, चारशे कोटी खोल्या आणि एक लाख पाहुणे, दोघं एका खोलीत कसे येतील?" असं तिचं म्हणणं. मी तिला उत्तर दिलं नाही. वाढदिवसाचा जुना प्रश्न दिला. २३ जण एकत्र असतील तर कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या वर जाते. हे सिद्ध करताना "किमान एक जोडी जुळते" हे थेट मोजत बसायचं नाही. "एकही जुळत नाही" हे मोजायचं आणि एकातून वजा करायचं. ही एवढी ओळ तिला त्या दिवशी खऱ्या अर्थाने समजली.

मग तीच ओळ ४२९ कोटींना लावली. गुणाकार लांबलचक होता, एक लाख पदांचा. इथे कॅल्क्युलस आलं, न बोलावता. क्ष फार लहान असेल तर १−क्ष आणि ई चा −क्ष वा घात जवळजवळ सारखे असतात, कारण शून्यापाशी दोन्ही वक्रांची किंमत तीच आणि उतारही तोच. डेरिव्हेटिव्हचा अर्थ विचारला तेव्हा जे सांगता आलं नव्हतं, ते इथे तिला दिसलं. लांब गुणाकार एका घातात गोळा झाला आणि उत्तर आलं: एक लाख कागदपत्रांत किमान एक टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या कागदपत्रांचा एकच हॅश, होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्के. सुमारे ७७ हजार कागदपत्रांनाच ती निम्म्यावर पोचते. आणि टकरणाऱ्या जोड्या सरासरी किती अपेक्षित? १.१६. तिला नेमकी एक सापडली होती. लायब्ररी निर्दोष होती. ६४ बिट घेतले, तर हीच शक्यता एक अब्जात एकाहूनही खाली जाते. कोडमध्ये एक शब्द बदलावा लागला.

अठ्ठावन्न दिवसांच्या प्रश्नावर तिला मिनहॅश ही पद्धत वाचायला दिली. १९९७ साली आंद्रेई ब्रोडर यांनी मांडलेली ही पद्धत अल्टाव्हिस्टा या शोधयंत्रात नकलेची वेबपानं ओळखण्यासाठी वापरली गेली. दोन कागदपत्रं म्हणजे शब्दगटांचे दोन संच. त्यांचा सारखेपणा म्हणजे छेद संचातले घटक भागिले संयोग संचातले घटक. हे माप पॉल जॅकार्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने आल्प्समधल्या वनस्पतींची तुलना करताना १९०१ साली वापरलं होतं. आता प्रत्येक शब्दगटाला हॅशने एक यादृच्छिक क्रमांक द्यायचा आणि प्रत्येक संचातला सर्वांत लहान क्रमांक तेवढा लक्षात ठेवायचा. दोन संचांचे लहानात लहान क्रमांक जुळण्याची शक्यता किती? नेमका त्यांचा सारखेपणा.

हे का खरं, ते तिने सिद्ध करावं असं मी सुचवलं. पहिले दोन प्रयत्न चिन्हांच्या जंगलात हरवले. तिसऱ्यात तिने चिन्हं टाकून दिली आणि लिहिलं: "दोन्ही संच एकत्र केले की त्यात एकच सर्वांत लहान क्रमांक असणार. तो कुठल्याही घटकाचा असू शकतो, सगळ्यांना समान संधी. तो घटक दोन्ही संचांत असेल, तर दोघांचा लहानात लहान तोच. नसेल तर जुळणार नाही. म्हणून शक्यता म्हणजे सामाईक घटक भागिले एकूण घटक." पाच वाक्यं, आणि सिद्धता पुरी. "प्रत्येक" कुठे आणि "एक तरी" कुठे, सगळं जागच्या जागी. डिस्क्रीट मॅथ्सच्या दोन परीक्षांत जे झालं नव्हतं ते या एका परिच्छेदात झालं, असं मी आजही म्हणेन.

शंभर वेगवेगळे हॅश घेतले की प्रत्येक कागदपत्र शंभर आकड्यांवर येतं आणि त्यावरून काढलेल्या सारखेपणाची प्रमाण त्रुटी फार तर ०.०५ असते. तुलना स्वस्त झाली, सुमारे शंभरपट. अठ्ठावन्न दिवसांचे चौदा तास झाले.

इथे तिसरा निर्णय घ्यावा लागला. चौदा तास म्हणजे तिचा मूळ अंदाज. प्रकल्प इथेच थांबवता आला असता, आणि मुदतही जवळ आली होती. पण आता आकडा घालून बघण्याची सवय लागली होती. दहा लाख कागदपत्रं घातली आणि पुन्हा अठ्ठावन्न दिवस आले. तुलना स्वस्त झाली होती, जोड्यांची संख्या तशीच होती. "म्हणजे मी फक्त प्रश्न पुढे ढकललाय," असं तीच म्हणाली, आणि पुढे जायचं ठरलं.

पुढचा टप्पा शंभर आकड्यांचे पाच-पाचांचे वीस गट पाडण्याचा. ज्या दोन कागदपत्रांचा किमान एक गट पूर्ण जुळतो, तेवढ्याच जोड्या तपासायच्या. पुन्हा "किमान एक"! सूत्र तिने कुणालाही न विचारता लिहिलं. सारखेपणा स असेल तर एक गट जुळण्याची शक्यता स चा पाचवा घात. न जुळण्याची, ते एकातून वजा. वीसही न जुळण्याची, त्याचा विसावा घात. किमान एक जुळण्याची, ते पुन्हा एकातून वजा. स ०.८ असेल तर उत्तर ०.९९९६. म्हणजे अशा दहा हजार जोड्यांमागे तीन-चार निसटतील. स ०.३ असेल तर पाच टक्क्यांहून थोडं कमी. जवळच्या जोड्या जवळपास सगळ्या सापडतात, दूरच्या बहुतेक गळतात, आणि ५०० कोटी जोड्यांना हात लावावाच लागत नाही.

अहवालातल्या १०० टक्क्यांचा निकालही त्याच ओळीने लागला. चुकीचं प्रमाण १४ टक्के असतं, तरी वीसच्या वीस जोड्या बरोबर निघण्याची शक्यता ०.८६ चा विसावा घात, म्हणजे जवळपास ५ टक्के उरते. त्यामुळे वीस तपासून फार तर एवढंच म्हणता येतं की चुका बहुधा १४ टक्क्यांच्या आत आहेत. १ टक्क्याच्या आत आहेत असं तितक्याच खात्रीने म्हणायचं, तर सुमारे तीनशे जोड्या बिनचूक निघायला हव्यात. तिने तीनशे तपासल्या. त्यात काही चुकीच्या निघाल्या आणि त्या तशाच अहवालात गेल्या.

निष्पत्ती

प्रकल्प एक लाखांच्या संग्रहावर मुदतीत चालला. परीक्षकांनी ३२ बिटांचा प्रसंग खोदून विचारला आणि तिने फळ्यावर गणित मांडून उत्तर दिलं. अहवालातला अचूकतेचा आकडा आधीपेक्षा कमी होता, आणि या वेळी त्याच्यामागे काहीतरी उभं होतं.

संभाव्यता-सांख्यिकीत तिला मध्यम गुण मिळाले. लेखी परीक्षेतल्या अखंड वितरणांच्या इंटिग्रेशनने दगा दिला; तिथली जुनी कमजोरी गेली नव्हती. प्रकल्पातून जे सुटलं ते नीट शिकलं गेलं नाही, हे या पद्धतीचं उघड न्यून आहे.

मोठा फटका शेवटच्या वर्षी बसला. प्रकल्पामुळे तिला मशीन लर्निंगची गोडी लागली, तिने तो विषय घेतला, आणि पहिल्याच आठवड्यांत मॅट्रिक्सच्या भाषेने वाट अडवली. संभाव्यतेचा भाग ती इतरांना समजावून सांगत होती, पण ग्रेडियंटचं सूत्र मॅट्रिक्समध्ये लिहिलेलं दिसलं की थांबायची. लिनियर अल्जेब्रा तिला त्या सत्रात जोडीने, स्वतःहून उचलावं लागलं. उचललं, कारण व्याख्या वाचून छोटं उदाहरण करून बघायची पद्धत आता हाती होती. पण त्या काळात तिची झोप गेली आणि दुसऱ्या एका विषयाकडे दुर्लक्ष झालं.

वेगळं काय करता आलं असतं

लिनियर अल्जेब्राचा निर्णय आजही चर्चेत आहे. सहकाऱ्यांच्या मते अनुभवाने त्यांचं म्हणणं खरं ठरवलं. मी अजूनही संभाव्यताच आधी घेईन. मात्र लिनियर अल्जेब्रा पूर्ण बाजूला न ठेवता त्याचा छोटा तुकडा, व्हेक्टर, डॉट प्रॉडक्ट, मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे एक रूपांतर, इतकं तरी त्याच काळात घेता आलं असतं. कागदपत्रांची तुलना व्हेक्टरच्या कोनावरूनही होते, त्यामुळे निमित्तही हाताशी होतं. विद्यार्थ्याची दिशा वर्षभरात बदलू शकते, हे गृहीत धरूनच विषय निवडायला हवेत.

इंटिग्रेशनचा भाग प्रकल्पात बसत नव्हता म्हणून सुटला. प्रकल्पावर आधारून शिकवताना काय काय सुटतंय याची यादी सुरुवातीलाच करून, तेवढ्यासाठी वेगळा सराव लावायला हवा होता. गरजेतून शिकलेलं खोल जातं पण सलग नसतं. मधली भोकं आपोआप बुजत नाहीत.

पहिलं सादरीकरण हीसुद्धा हुकलेली संधी होती. हजार कागदपत्रांवर आठ मिनिटं, हे ऐकून समितीतल्या कुणीही "लाखावर किती?" असं विचारलं नाही. तो एक प्रश्न तिथेच आला असता तर प्रोग्राम दिवसेंदिवस चालू ठेवून वाट बघण्याचा काळ वाचला असता. आता आमच्याकडे पहिल्या सादरीकरणाच्या फॉर्मवर तीन रकाने जोडले आहेत: माहिती शंभरपट झाली तर वेळ किती, वापरलेल्या प्रत्येक हॅशला बिट किती आणि का, आणि अचूकतेचा आकडा किती नमुन्यांवरून काढला.

दोनदा दिलेला डिस्क्रीट मॅथ्सचा पेपर मी नंतर काढून पाहिला. दोन्ही वेळा प्रश्न होते ते व्याख्या लिहा, सिद्ध करा, सूत्र वापरून काढा असे. एकाही प्रश्नात प्रोग्राम नव्हता. त्याच सत्रात तीच मुलं शेजारच्या वर्गात अल्गोरिदम शिकत होती, आणि दोन्ही विषयांच्या शिक्षकांची त्याबाबत एकदाही बैठक झाली नव्हती. पुढच्या वर्षापासून दोन्ही विषयांचं एक गृहपाठपत्र सामाईक ठेवायचं ठरलं आहे. पहिलं पत्र जोड्यांच्या मोजणीवर आहे आणि त्यात एक हजार आणि एक लाख, दोन्हींचे आकडे काढायला सांगितले आहेत.